छायाचित्रातील दुसरा हात

१

उभारणी चालू असतानाच ज्याची इतक्या कसबाने छायाचित्रे घेतली गेली, असे चंडीगढसारखे दुसरे भारतीय शहर सांगणे कठीण आहे. फाळणीत लाहोर गेले, पूर्व पंजाबाला नवी राजधानी हवी होती, आणि १९५१ पासून ल कॉर्ब्युझिए व त्याचे सहकारी शिवालिकच्या पायथ्याशी हे नगर रेखू लागले. ल कॉर्ब्युझिएच्या वास्तूंचा छायाचित्रकार ल्युसिएँ एर्वे १९५५ आणि १९६१ साली येथे येऊन गेला. स्विस छायाचित्रकार अर्न्स्ट शायडेगर याने १९५६ साली येथे घेतलेली छायाचित्रे २०१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वास्तुकारांच्या चमूतील जीत मल्होत्रा यांनीही या बांधकामाची पुष्कळ चित्रे घेतली. काँक्रीटच्या भिंतींवर पडलेले ऊन, अपुऱ्या स्तंभांच्या रांगा आणि डोक्यावर घमेली घेऊन चढणीवरून जाणाऱ्या मजूर स्त्रिया यांनी आपल्या मनातले चंडीगढचे बालपण घडविले आहे.

या छायाचित्रांचे सौंदर्य निर्विवाद आहे. तथापि ती पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. त्या मजूर स्त्रियांचे गाव कोणते, भाषा कोणती, या नगराविषयी त्यांचे म्हणणे काय, हे चित्रातून कळण्याची सोय नाही. इमारतीची उंची किती आहे हे दाखविण्यापुरती त्यांची आकृती चित्रात आली आहे. ज्या खेड्यांच्या जमिनी घेऊन हे नगर वसले, त्या खेड्यांची स्थिती याहूनही विपरीत. त्यांचा मागमूस जर कोठे उरला असेल तर तो नेकचंद यांच्या रॉक गार्डनमध्ये. सार्वजनिक बांधकाम खात्यातील या कर्मचाऱ्याने १९५७ च्या सुमारास मोडलेल्या घरांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या आणि चिनीमातीचे तुकडे गुपचूप जमवावयास प्रारंभ केला आणि १९७६ साली ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. गावकऱ्यांच्या वापरातल्या वस्तूंनी तेथे जी साक्ष दिली, ती त्या काळच्या प्रशिक्षित कॅमेऱ्यांनी दिली नाही.

बदलत्या समाजाचे चित्र घेणारा त्या समाजाला स्वतःच्या चित्रात कोणते स्थान देतो, हा येथून उद्भवणारा प्रश्न आहे. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला तो अपरिचित नाही. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेत आपण तो अनेक दशके निरनिराळ्या शब्दांत विचारीत आलो आहो. मात्र छायाचित्र हे आपल्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचे मानून आपण तो त्या माध्यमाला विचारला नाही. प्रस्तुत लेखात तो एका समकालीन छायाचित्रकर्तीच्या कार्याच्या आधारे विचारावयाचा आहे. तिचा जन्म चंडीगढचा आणि तिच्या कार्यातील दोन महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रातील आदिवासी पाड्यांतले आहेत, ही या जागेच्या वाचकाला विशेष जवळची बाब ठरावी.

२

गौरी गिल यांचा जन्म १९७० साली चंडीगढ येथे झाला. जन्मगावाच्या योगायोगावर टीकेचा डोलारा उभारणे योग्य नव्हे; त्यांची कर्मभूमी दिल्ली आहे आणि चंडीगढ हा त्यांच्या चित्रांचा प्रमुख विषयही नाही. दिल्लीचे कला महाविद्यालय, न्यूयॉर्कची पार्सन्स ही कलाशाळा आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ येथे त्यांचे शिक्षण झाले. मधल्या काळात त्यांनी दिल्लीत वृत्तछायाचित्रकार म्हणून नोकरी केली, आणि त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचे बीज त्या नोकरीशी झालेल्या मतभेदात आहे.

१९९९ साली राजस्थानातील एका खेड्याच्या शाळेत एका मुलीला शिक्षकाकडून मार बसताना त्यांनी पाहिले. खेड्यांतील शाळांवर एक चित्रमालिका करावी असे त्यांच्या मनात आले. परंतु वृत्तपत्रीय व्यवहारात तो विषय बातमी ठरणारा नव्हता. त्यांनी रजा घेतली आणि त्या बाडमेर, बिकानेर, लुणकरणसर या बाजूला जाऊ लागल्या. त्या जाण्यायेण्यातून ‘नोट्स फ्रॉम द डेझर्ट’, म्हणजे वाळवंटातील टिपणे, हा चित्रसंग्रह सिद्ध झाला. भटके जोगी, बिश्नोई शेतकरी आणि मुसलमान पशुपालक यांच्या जीवनातील दुष्काळ आणि क्वचित येणारा महापूर, हिवताप आणि क्षय, रोजगार हमीची कामे, जन्म आणि मरण असे सर्व काही त्यात आहे. दोन दशकांहून अधिक काळ ही टिपणे चालू राहिली आणि २०२३ साली त्यांना प्री पिक्ते हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुरस्कारापेक्षा येथे काळाचे महत्त्व अधिक आहे. वृत्तपत्राच्या दृष्टीने दुष्काळ ही घटना असते. भेगाळलेली जमीन आणि हाडे वर आलेले जनावर यांचे चित्र छापून आले की ती घटना नोंदली गेली असे समजण्यात येते. खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने मात्र दुष्काळ म्हणजे सावकाराशी जडलेले नाते, लांबणीवर पडलेले लग्न, सुटलेली शाळा. या गोष्टी एका भेटीत दिसत नाहीत. त्या दिसण्यासाठी पुन्हा यावे लागते, आणि पुन्हा आलेल्या माणसाशी लोक निराळ्या रीतीने बोलतात. परकीय राजवटीत १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह निघाला होता. त्यात जातीजमातींचे नमुने मांडून ठेवले आहेत. कारण तो संग्रह करणाऱ्यांना त्या माणसांकडे परत जावयाचे नव्हते. स्वातंत्र्याच्या आधीच्या दशकात सुनील जाना यांनी बंगालच्या दुष्काळाची जी चित्रे घेतली त्यांच्यामागे प्रखर सामाजिक बांधिलकी होती. नमुन्याच्या जागी तेथे पीडित मनुष्य आला. पण या मनुष्यालाही चित्राच्या घडणीत वाटा मिळणे बाकी होते.

गिल यांच्या चित्रांत हा वाटा टप्प्याटप्प्याने येत गेला. २००३ साली लुणकरणसर येथे उरमूल सेतू या संस्थेने भरविलेल्या बालिका मेळाव्यात त्यांनी छायाचित्रांचा एक तंबू उभारला. ज्या मुलीला आपले चित्र काढून हवे असेल तिने यावे, कसे उभे राहावे, कोणाच्या गळ्यात हात टाकावा, हाती काय घ्यावे हे तिचे तिने ठरवावे, अशी पद्धत होती. जत्रेतल्या फोटोवाल्यासमोर रंगीत पडद्यापुढे उभे राहणे ही आपल्याकडची जुनी हौस आहे. विमानाच्या वा मोटारीच्या चित्राआड उभे राहून माणूस काही काळ स्वतःला हवा तसा होतो. दस्तऐवजी छायाचित्रणाने या हौसेकडे पूर्वी करमणूक म्हणून पाहिले. गिल यांनी ती हौस हीच साक्ष मानली. शाळेत मार खाणाऱ्या मुलीच्या चित्रापासून निघालेला प्रवास आपल्या मर्जीने कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलीपर्यंत आला. २०१० साली त्या मेळाव्यासाठी पुन्हा गेल्या आणि २०१२ मध्ये या चित्रांचे पुस्तक निघाले. मधल्या काळात, २००५ साली, एका वृद्ध सुईणीने आपल्या नातीच्या जन्माची चित्रे घेण्यासाठी त्यांना स्वतःहून बोलावले. बाळंतिणीच्या खोलीत परक्याला प्रवेश नसतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या बोलावण्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

३

दुसरा टप्पा शब्दांशी संबंधित आहे आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचा आहे. १९८४ हे साल पंजाब आणि चंडीगढ येथील वाचकाच्या मनात आजही ठसठसते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांचे जे हत्याकांड झाले त्यात शासकीय आकड्याप्रमाणे २,७३३ माणसे मारली गेली. नानावटी आयोगाचा अहवाल २००५ साली संसदेसमोर आला, तेव्हा आणि पुढे २००९ साली, हत्याकांडाला पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने, गिल यांनी त्रिलोकपुरी, टिळक विहार आणि गढी या वस्त्यांतील विधवांची व त्यांच्या कुटुंबांची छायाचित्रे घेतली. ती प्रथम नियतकालिकांत, तेथील मथळ्यांसह छापली गेली.

नियतकालिकातील चित्राखालच्या ओळीला एक विलक्षण अधिकार असतो. चित्रातला माणूस कोण आणि त्याचे काय झाले हे ती ओळ निर्णायक स्वरात सांगते, आणि वाचक चित्र पाहण्याचे थांबवून ओळ वाचून पुढे जातो. गिल यांनी काही वर्षांनी हीच चित्रे पुन्हा हाती घेतली आणि त्या काळात दिल्लीत असलेल्या अथवा त्या घटनेशी अन्य रीतीने जोडलेल्या लेखक, कवी, कलावंत आणि चित्रपटकार यांना एकेका चित्रावर लिहावयास सांगितले. कोणी आठवण लिहिली, कोणी कविता, कोणी दोन ओळींचे टिपण. या सर्वांची एक वही ‘१९८४’ या नावाने २०१३ साली प्रथम सिद्ध झाली. ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता यावी, छापता यावी, वाटता यावी अशी व्यवस्था ठेवण्यात आली.

एका अधिकृत ओळीच्या जागी अनेकांचे अपुरे, परस्परांहून भिन्न असे बोल येणे, ही घटना वाङ्मयीन आहे. कादंबरीच्या चर्चेत आपण जिला बहुस्वरता म्हणतो ती येथे छायाचित्राने स्वीकारली. तथापि या वहीची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. तिच्यातील स्वर प्रामुख्याने लिहित्या, इंग्रजी जाणणाऱ्या वर्गाचे आहेत. चित्रातील स्त्रीच्या बाजूने इतर बोलतात. ती स्वतः मात्र पुष्कळ वेळा मुकीच राहते. मालकी सैल झाली. पण ज्याचे चित्र आहे त्याच्या हाती लेखणी आली असे म्हणता येणार नाही. ते घडले ते याच सुमारास, महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावरील डहाणू तालुक्यात.

४

डहाणू तालुक्यातील गंजाड हे नाव वारली चित्रकलेच्या अभ्यासकाला नवे नाही. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ते देशोदेशी पोहोचले. मराठी साहित्याच्या वाचकाला हा मुलूख गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या ग्रंथामुळे ठाऊक आहे. १९४५ साली सुरू झालेल्या वारल्यांच्या उठावाची हकीकत त्यात आहे. त्यानंतरही हा प्रदेश स्वस्थ राहिलेला नाही. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. त्याच दशकात तेथे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आणि २०२४ मध्ये वाढवण येथे प्रचंड बंदराची पायाभरणी झाली. जंगल, जमीन आणि मजुरी यांचे नाते तेथे प्रत्येक पिढीत नव्याने ठरत आले आहे.

२०१३ साली गिल यांनी गंजाडचे चित्रकार राजेश वांगड यांच्यासह काम सुरू केले. वांगड त्यांना गावातल्या जागा दाखवीत आणि त्या त्या जागेची कथा सांगत: येथे देव होता, येथे जंगल होते, येथे अमुक घडले. गिल त्या जागेचे छायाचित्र घेत. पुष्कळदा वांगड स्वतः त्या चित्रात उभे असत. परंतु छापून आलेल्या कागदाकडे पाहता, ऐकलेल्या कथेतले त्यात काहीच उतरलेले नाही असे दिसे. एक टेकडी, काही झाडे, एक पाठमोरा माणूस, एवढेच. तेव्हा त्या छायाचित्रावर वांगड यांनी आपल्या बारीक रेषेने चित्र काढावे असे ठरले. ‘फील्ड्स ऑफ साइट’, म्हणजे दृष्टीची क्षेत्रे, ही मालिका अशी जन्मास आली आणि ती दोघांच्या नावाने ओळखली जाते.

या चित्रांत दोन व्याकरणे एकमेकांना भिडली आहेत. छायाचित्राला एकच स्थान आणि एकच क्षण ठाऊक असतो. कॅमेरा जेथे उभा आहे तेथून आणि झडप उघडली त्या निमिषात जे दिसले तेवढेच त्यात येते. वारली रेषेला क्षितिजाचे बंधन नसते. तारपा वाजविणाऱ्याभोवती वळसे घेत जाणारी नाचणाऱ्यांची रांग, वरून दिसणारे शेत आणि बाजूने दिसणारे झाड ही सर्व तिला एकाच पृष्ठावर मांडता येतात; आजोबांच्या वेळचे जंगल आणि आजचा कारखानाही तिला शेजारी ठेवता येतात. त्यामुळे छायाचित्रात जी माळरान दिसते ती जागा रेषेमुळे गजबजून जाते. जे गेले ते तेथे होते, ही गोष्ट पाहणाऱ्याच्या नजरेस येते. लुप्त झालेले कॅमेऱ्याला टिपता येत नाही, ही या माध्यमाची मूलभूत अडचण आहे. आणि बदलत्या समाजाविषयी बोलावयाचे तर लुप्त झालेल्याविषयी बोलणे अपरिहार्य असते. या अडचणीवर येथे जो उपाय सापडला तो यंत्राकडून आलेला नाही. दुसऱ्या माणसाच्या हाती तोच कागद देण्यातून तो सापडला.

येथे एक उपप्रश्न टाळता येण्याजोगा नाही. वारल्यांचा लग्नचौक परंपरेने सवाशिणींनी लिहावयाचा असतो. १९७० च्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आली आणि बाजारात गेली, तेव्हा तिचे प्रसिद्ध धनी बहुतेक पुरुष झाले. दोन हातांच्या या चित्रात तो तिसरा, जुना हात कोठे आहे, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न रास्तच मानावा लागेल.

५

डहाणूच्या पूर्वेला डोंगरात जव्हार आहे. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात बोहाडा होतो. उन्हाळ्याच्या दिवसांत काही रात्री, मशालींच्या उजेडात, संबळ आणि सनईच्या तालावर देवदैत्यांची सोंगे निघतात. ‘सोंग’ या शब्दाला आपल्या पांढरपेशा मराठीत खोटेपणाचा वास आहे. सोंग आणणे म्हणजे फसविणे. बोहाड्यात सोंग म्हणजे मान आहे. ते नेमाने काढावयाचे असते आणि पुष्कळ गावांत विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे असते. मुखवटा चढला की तो मनुष्य त्या रात्रीपुरता त्या देवतेचे रूप असतो, आणि गाव त्याला त्या नात्याने नमस्कार करते.

हे मुखवटे घडविणाऱ्या कोकणा जमातीतील सुभाष व भगवान धर्मा कडू या भावांकडे गिल गेल्या. त्यांचे वडील धर्मा कडू हेही याच कसबातले. देवादिकांच्या मुखवट्यांऐवजी आजच्या जगण्याचे मुखवटे घडवावेत, अशी त्यांनी या भावांना आणि त्यांच्या सहकारी कारागिरांना विनंती केली. कागदाच्या लगद्यातून माणसांचे निरनिराळे भाव, घरची जनावरे आणि दूरदर्शन संच, भ्रमणध्वनी यांसारख्या रोजच्या वस्तू मुखवट्यांच्या रूपाने आकारल्या. ते घालून गावातील माणसे आपल्याच घरात, दुकानात, दवाखान्यात आणि शेतात आपल्याच आयुष्यातले प्रसंग उभे करू लागली. २०१५ पासूनची ही मालिका ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. आधीची वाळवंटातील चित्रे कृष्णधवल होती. ही रंगीत आहेत. २०१८ साली न्यूयॉर्कला मोमा पीएस-१ येथे आणि २०१९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिकात ती मांडली गेली.

आदिवासी माणसाच्या चेहऱ्यावर आजवर छायाचित्रकारांनी हक्क सांगितला आहे. सुरकुत्या, डोळ्यांतील करुणा, दागिने यांवर त्यांची चित्रे पोसली गेली. येथे तो चेहराच झाकला गेला आहे. पाहणाऱ्याला सहानुभूतीची जी सवय लागलेली असते तिला या चित्रांत आधार मिळत नाही, आणि मग त्याला त्या माणसाच्या बसण्याकडे, हातांकडे, भोवतालच्या भिंतींकडे पाहावे लागते. दवाखान्याच्या बाकावर मुखवटा घालून बसलेला माणूस आपल्याला प्रथम गमतीचा वाटतो; थोड्या वेळाने, तो तेथे किती वेळ बसला असेल असा विचार मनात येतो.

६

या कार्यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, हे दस्तऐवजी छायाचित्रण राहिलेच नाही. माणसांनी प्रसंग रचून उभे राहावयाचे, वर मुखवटे घालावयाचे, छपाईवर रेषा काढावयाच्या, यात पुरावा कोठे उरला? या आक्षेपाला उत्तर देताना पुरावा कशाचा, हे आधी विचारावे लागेल. जव्हारच्या दवाखान्यात किती खाटा आहेत याचा पुरावा या चित्रांत शोधू नये. जव्हारच्या माणसांना आपल्या जगण्यातले कोणते प्रसंग उभे करण्याजोगे वाटले, याचा मात्र तो अस्सल पुरावा आहे, आणि तो अन्य मार्गाने मिळणारा नाही. १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हा, ही साहित्यकृती की समाजशास्त्रीय कागद, असा वाद आपल्याकडे झडला होता. सांगणारा कोण हे बदलले की दस्तऐवजाची व्याख्याही बदलते, हे त्या वादातून मराठी समीक्षा शिकली. छायाचित्राच्या बाबतीत तो धडा विसरण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. सहभाग कितीही असो, न्यूयॉर्क आणि व्हेनिसच्या दालनांपर्यंतची वाट छायाचित्रकर्तीलाच ठाऊक आहे. गंजाडची चित्रे दोघांच्या नावाने आहेत. जव्हारची मालिका मात्र मुखवटे घडविणाऱ्यांचा आणि ते घालणाऱ्यांचा उल्लेख असला तरी प्रामुख्याने गौरी गिल यांची म्हणून ओळखली जाते. हा फरक समर्थनीय आहे काय? छायाचित्राची कल्पना व योजना त्यांची आहे, असे एक उत्तर देता येईल. पण मुखवट्याशिवाय ही चित्रे संभवतच नाहीत, हेही तितकेच खरे. माझ्या मते गंजाडची पद्धत जव्हारपेक्षा पुढची आहे. जव्हारची चित्रे डोळ्यांना अधिक खिळवून ठेवतात हे मान्य करूनही, कर्तृत्वाच्या वाटणीत ती एक पाऊल मागे आहेत असे मी म्हणेन. वाट्याचा हा प्रश्न गिल यांच्या चित्रांनीच आपल्याला विचारावयास शिकविला आहे, म्हणून तो त्यांच्याच चित्रांना विचारण्यात अनुदारपणा नाही.

७

शेवटी आपल्या कामाविषयी. वांगड यांनी गिल यांना सांगितलेल्या कथा, जव्हारच्या माणसांनी प्रसंग रचताना केलेली चर्चा, मुखवटा घडविणाऱ्याने रंगाविषयी दिलेले कारण, हे सारे मूलतः बोलीतले वाङ्मय आहे. ती चित्रे पाहणाऱ्या जगापर्यंत ते पोहोचले ते प्रामुख्याने इंग्रजीतून. मालिकांची नावे इंग्रजी आहेत, त्यांविषयीचे लेखनही बहुतांशी इंग्रजीतच आहे. म्हणजे ज्या चित्रात दुसऱ्या हाताला जागा मिळाली, त्या चित्राभोवतीच्या शब्दांत दुसऱ्या जिभेला ती अद्याप मिळावयाची आहे. यासाठी छायाचित्रकर्तीला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तिची भाषा कॅमेऱ्याची आहे. वारली आणि कोकणा बोलींच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली भाषा मराठी आहे, आणि म्हणून ही जबाबदारी प्रथम मराठीच्या अभ्यासकांची आहे.

हे काम अवघड असले तरी अशक्य नाही. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राविषयीचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला, तेव्हा बोलींची नोंद बोलणाऱ्यांच्या साहाय्याने कशी घ्यावी याचा एक वस्तुपाठ मिळाला. गंजाडच्या एकेका चित्राशेजारी त्या चित्राची कथा वारली बोलीत, सांगणाऱ्याच्या नावासह, आणि तिच्याखाली मराठी अनुवाद, अशी एक आवृत्ती सिद्ध करणे कोणत्याही विद्यापीठाच्या भाषाविभागाला शक्य आहे. त्यात गावातल्या स्त्रियांच्या चौकाविषयीच्या आठवणी घेतल्यास वर म्हटलेल्या तिसऱ्या हाताचाही शोध सुरू होईल. कथा सांगणारी वृद्ध माणसे हयात आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे, आणि त्या तालुक्याच्या किनाऱ्यावर बंदराचे काम सुरू झाले आहे हे लक्षात घेता त्याला विलंब परवडणारा नाही.

भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासात आपण भाषेला भाषेशी ताडून पाहतो. त्याबरोबरच वारली रेषा आणि छायाचित्र, बोहाड्याचे सोंग आणि आत्मकथन यांनाही शेजारी ठेवून वाचण्याची आवश्यकता आहे. चंडीगढच्या बांधकामावरील त्या मजूर स्त्रियांना आपले म्हणणे सांगावयास आता कोणी बोलावू शकणार नाही. गंजाडला आणि जव्हारला मात्र अद्याप जाता येते.